लाईट गेली तर? घराची तयारी, जिवाची काळजी आणि तुमचे हक्क

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की नगर जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्नही त्याच्यासोबत येतात. ‘गावात लाईट आहे, मग आमच्या वस्तीवर का नाही?’ ‘छतावर सोलर बसवलंय, तरी अंधार कसा?’ ‘इन्व्हर्टर नवा आहे, पण दोन तासांत बसतो.’ ‘डीपी जळाली, आता वर्गणी काढायची का?’ दरवर्षी हेच प्रश्न येतात, कारण त्यांची उत्तरं एका ठिकाणी सापडत नाहीत. म्हणून या लेखात ती क्रमाने मांडली आहेत.

अहिल्यानगर, म्हणजे आपला नगर जिल्हा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा. त्याच्या चौदा तालुक्यांत वीज जाण्याची कारणंही वेगवेगळी असतात. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसाळाभर झाडं तारांवर पडतात. राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाच्या उसाच्या पट्ट्यात मोटारींच्या भाराने रोहित्रं जळतात. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे उन्हाळी वादळात खांब आडवे होतात. जून २०२० मधलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आलं होतं, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने शेवगाव-पाथर्डीची गावं पाण्यात गेली होती. असे दिवस पुन्हा येणार हे धरूनच घराची तयारी करायला हवी.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. लाईट गेल्यामुळे जितकी माणसं दगावत नाहीत, तितकी ती परत आणण्याच्या घाईत दगावतात. खांबावर चढलेला पोरगा, डीपीत हात घातलेला शेतकरी, बंद खोलीत जनरेटर लावून झोपलेलं कुटुंब. तेव्हा कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे ठरवण्यापासूनच तयारी सुरू होते.

आधी ओळखा: लाईट नेमकी कुठून गेली?

फोन उचलण्यापूर्वी दोन मिनिटं द्या आणि या क्रमाने पाहा.

१. फक्त तुमच्या घरात अंधार आहे का? शेजारी लाईट असेल तर आपल्या बोर्डातला मेन स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी पाहा. एखादा खाली पडला असेल तर घरातली सगळी उपकरणं बंद करून तो एकदा वर करा. पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका. घरात कुठेतरी वीज गळते आहे किंवा शॉर्ट आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२. शेजारच्या काही घरांत आहे, काही घरांत नाही? बहुधा एक फेज गेली आहे. डीपीवरचा (रोहित्रावरचा) फ्यूज उडालेला असतो किंवा खांबावरचा जंप तुटलेला असतो. हे काम महावितरणच्या कर्मचाऱ्याचंच.

३. पूर्ण आळीत किंवा गावात अंधार? मग बिघाड रोहित्रात, फीडरवर किंवा उपकेंद्रात आहे.

४. दिवे अचानक फार प्रखर झाले, पंखे जोरात फिरू लागले, काही ठिकाणी मिणमिणले? हे सगळ्यात धोक्याचं लक्षण. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी घरात त्याहून कितीतरी जास्त दाब येऊ शकतो. क्षणभरही न थांबता मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही ओरडून सांगा.

‘गावात आहे, वस्तीवर नाही’ याचं कारण साधं आहे. बहुतेक गावांत गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे केले आहेत. गावठाणाला दिवसरात्र वीज असते. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठरावीक तास मिळते, दिवसा आणि रात्री आळीपाळीने. तुमची वस्ती शेती फीडरवर असेल तर तिथलं वेळापत्रक गावापेक्षा वेगळं असणारच. उरलेल्या वेळात सिंगल फेज मिळते की नाही, हे फीडरनुसार बदलतं. आपल्या घराचं मीटर कोणत्या फीडरवर आहे, हे शाखा कार्यालयात जाऊन एकदा विचारा आणि वेळापत्रक घरात लिहून लावा. वेळापत्रकाप्रमाणे बंद असलेली लाईट आणि बिघाडाने गेलेली लाईट यांतला फरक कळला की निम्मा गोंधळ मिटतो.

तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची?

श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मुळा-प्रवरा’चं नाव येतं. पण त्या वीज संस्थेचं कार्यक्षेत्र २०११ मध्येच महावितरणकडे गेलं. त्यामुळे या भागातल्या घरगुती ग्राहकांनीही तक्रार महावितरणकडेच करायची आहे.

- टोल फ्री क्रमांक: १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५. चोवीस तास चालू असतात.
- महावितरणच्या मोबाइल ॲपवरूनही वीज गेल्याची तक्रार करता येते.
- बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.
- तक्रार नोंदवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पुढे भरपाई मागायची तर हाच पुरावा असतो.
- ग्राहक क्रमांकाशी आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, ते तपासा. दुरुस्तीसाठी लाईट जाणार असेल तर त्याचे संदेश त्याच नंबरवर येतात. अनेक घरांत मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि नंबर कधीच बंद झालेला, अशी अवस्था असते.

ओळखीच्या वायरमनला फोन जरूर करा, पण नोंद टोल फ्री क्रमांकावरही कराच. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुढे माग राहत नाही.

किती तासांची तयारी हवी?

खर्च करण्यापूर्वी आपल्या घराची गरज तीन पायऱ्यांत मांडा.

पहिली पायरी, एक-दोन तास. दोन रिचार्जेबल टॉर्च, दोन-तीन इमर्जन्सी एलईडी बल्ब आणि एक चार्ज केलेली पॉवर बँक पुरते. टॉर्चची जागा ठरलेली असावी आणि लहान मुलांनाही ती माहीत असावी. मेणबत्ती, चिमणी शक्यतो टाळा. लाकडी देव्हाऱ्याजवळ, पडद्याखाली किंवा मच्छरदाणीत लावलेल्या मेणबत्तीने घरं पेटतात. लावायचीच असेल तर स्टीलच्या ताटात उभी करा, आणि खोलीत मोठं माणूस जागं असेपर्यंतच.

दुसरी पायरी, चार ते आठ तास. इथे इन्व्हर्टर लागतो.

तिसरी पायरी, एक दिवस किंवा जास्त. वादळ, पूर किंवा रोहित्र जळाल्यावर ही वेळ येते. इथे नुसता इन्व्हर्टर पुरत नाही. पाणी, अन्न, औषध आणि मोबाइलची चार्जिंग यांचं नियोजन लागतं.

इन्व्हर्टरचा हिशेब: दुकानात जाण्यापूर्वी घरीच करा

इन्व्हर्टरचा आकार ‘एका वेळी किती चालेल’ ते ठरवतो. बॅटरीचा आकार ‘किती वेळ चालेल’ ते ठरवतो. फसगत होते ती हा फरक न कळल्यामुळे.

घराघरांत दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. कागदावर तिच्यात १८०० वॅट-तास वीज असते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरमध्येही जाते. म्हणून हातात साधारण १२०० ते १३०० वॅट-तास धरा.

- जुने पंखे तीन (प्रत्येकी ७५ वॅट), एलईडी बल्ब चार (प्रत्येकी ९ वॅट) आणि वायफायचा राउटर (१० वॅट): एकूण सुमारे २७० वॅट. म्हणजे साडेचार तासांच्या आसपास.
- तेच तीन पंखे बीएलडीसी असतील (प्रत्येकी ३० वॅट) तर एकूण सुमारे १३५ वॅट. म्हणजे नऊ तासांच्या आसपास.

म्हणजे मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलले तर तीच बॅटरी दुप्पट वेळ चालते आणि रोजचं बिलही घटतं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- फ्रीज, मिक्सर, इस्त्री, गीझर, पाण्याची मोटार इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊ नका. ‘दोन तासांत बसतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा यातलंच एखादं असतं, नाहीतर बॅटरी जुनी झालेली असते.
- ‘साइन वेव्ह’ इन्व्हर्टर घ्या. पंखे, टीव्ही, वैद्यकीय उपकरणं त्यावर नीट चालतात.
- रिकामी बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. दिवसातून अनेकदा लाईट जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही. अशा दिवसांत एकच पंखा, एकच दिवा असं काटकसरीने चालवा.
- बॅटरी हवेशीर जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि तो पेट घेतो. जिन्याखालचं बंद कपाट, देवघराशेजारचा कोनाडा किंवा गॅस सिलिंडरजवळची जागा नको.
- डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीही घालू नका.

सोलर असूनही अंधार का?

‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजने’त फेब्रुवारी २०२४ पासून घरगुती छतांवरील सोलरला १ किलोवॅटसाठी ३०,०००, २ किलोवॅटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. त्यामुळे सोलर घेणाऱ्यांची संख्या वाढली. पण बसवताना एक गोष्ट अनेकांना कुणी सांगत नाही. महावितरणच्या लाईनला जोडलेला साधा सोलर संच लाईट गेली की स्वतःहून बंद होतो. भर दुपारी ऊन असलं तरी.

हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. संच चालू राहिला तर तुमच्या छतावरची वीज बंद लाईनमध्ये जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. लाईट नसतानाही सोलरची वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्याचा खर्च वेगळा. करार करण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ‘लाईट गेल्यावर माझ्या घरात काय काय चालेल?’ त्याचं उत्तर लेखी घ्या.

जनरेटर वापरत असाल तर

- तो घराच्या बाहेर, खिडक्या-दारांपासून दूर ठेवा. पडवी, बंद शटरचं दुकान, गोठा, तळघर इथे नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात.
- जनरेटरची पिन घरातल्या सॉकेटमध्ये उलटी घालून पूर्ण घर चालवू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याशिवाय तुमची वीज उलटी जाऊन रोहित्रातून अकरा हजार व्होल्टची होते आणि वायरमनला मारते.
- डिझेल-पेट्रोल घरात साठवू नका. गरम जनरेटरमध्ये इंधन ओतू नका.

पाणी, अन्न, औषधं

पाणी. नगर शहराचं पाणी मुळा धरणातून मुळानगर-विळदमार्गे पंपाने उपसून वसंत टेकडीच्या टाक्यांत येतं. त्यामुळे तिकडची वीज काही तास गेली तर शहराचं रोटेशन पुढे ढकललं जातं, तुमच्या घरात लाईट असली तरीसुद्धा. गावांत बोअर आणि नळ योजनेची मोटारही विजेवरच चालते. म्हणून पावसाळ्याआधी आणि उन्हाळ्यात माणशी किमान दोन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून भरलेलं असावं. वादळाचा इशारा आला की छतावरची टाकी आधी भरून घ्या.

अन्न. फ्रीज न उघडता ठेवला तर आतलं अन्न साधारण चार तास टिकतं. त्यापुढे दूध, शिजवलेलं मटण, मासे, पनीर यांचा भरवसा धरू नका. वास बरा आहे म्हणून पोरांना देऊ नका. दूध उकळून ठेवा, विरजण लावा. भाकरी, चटणी, शेंगदाणे, गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू हे फ्रीजशिवाय टिकतं, ते घरात असू द्या.

औषधं. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी घाबरू नये. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, पण आपल्याकडच्या चाळिशीच्या उन्हाळ्यात खोलीच त्याहून तापते. अशा वेळी कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवा. दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात ठेवली तर आणखी चांगलं. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. आपलं औषध किती दिवस चालेल हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून कागदावर लिहून ठेवा.

घरी ऑक्सिजन कॉन्संट्रेटर असेल तर तो साधारण ३०० वॅटच्या वर वीज घेतो. त्यासाठी इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी हवी आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर राखून ठेवायला हवा. महावितरणच्या शाखा कार्यालयाला लेखी अर्ज देऊन घरात असा रुग्ण असल्याचं आधीच कळवा. लाईट लवकर येईलच याची ती हमी नाही, पण नियोजित दुरुस्तीची पूर्वसूचना मागायला आधार मिळतो.

वस्ती, गोठा आणि विहीर

जिल्ह्यात लाखो माणसं शेतातल्या वस्तीवर राहतात. त्यांची तयारी शहरापेक्षा वेगळी.

- मोटारीचा ऑटो स्विच काढून टाका. लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर भार येतो आणि ते जळतं. मग दोन दिवस सगळेच अंधारात. शिवाय बंद वाटणाऱ्या मोटारीजवळ माणूस काम करत असताना ती अचानक चालू होते. मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर मात्र बसवा. त्याने दाब सुधारतो.
- रात्रीच्या पाळीत एकट्याने पाणी धरायला जाऊ नका. उसात बिबट्या आहे, बांधावर साप आहे, पायाखाली ओलं आहे. सोबत, टॉर्च, काठी आणि गमबूट हवेतच. ओल्या हाताने स्टार्टर दाबू नका.
- स्टार्टरची पेटी लोखंडी असेल तर तिला अर्थिंग हवंच. कडबाकुट्टी, दूध काढण्याचं यंत्र आणि गोठ्याचे पत्रे यांचंही अर्थिंग तपासून घ्या. ओल्या गोठ्यात गळणारी वीज आधी जनावराला धरते, मग सोडवायला गेलेल्या माणसाला.
- रानडुकरांसाठी कुंपणात लाईनचा करंट सोडू नका. हा गुन्हा आहे आणि त्यात शेजाऱ्याचं लेकरूही मरू शकतं.
- दिवसाच्या विजेची मागणी ग्रामसभेत लावून धरा. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात ज्या गावांपासून झाली त्यांत आपल्याच पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. गायरान किंवा पडीक जमीन उपलब्ध करून दिली तर शेती फीडर सौर प्रकल्पाला जोडता येतो आणि रात्रीचं पाणी टळतं.

कडाडणाऱ्या विजेपासून बचाव. ढगांचा गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्या टप्प्यात आहे. झाडाखाली, खांबाजवळ, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबू नका. पक्क्या घरात या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा. ते आसपास वीज पडण्याची शक्यता आधी सांगतं. टीव्ही, फ्रीज, राउटरच्या पिना ढग दाटल्यावरच काढा. कडकडाट सुरू झाल्यावर नाही.

या चुका जीव घेतात

१. डीपीतला फ्यूज स्वतः टाकणं. ‘वायरमन यायला उशीर होतो, मला जमतं’ असं म्हणत गावोगाव हे केलं जातं. रोहित्राच्या एका बाजूला अकरा हजार व्होल्ट असतात. लाकडी काठीने त्याला फसवता येत नाही.

२. ‘झिरो वायरमन’ला खांबावर चढवणं. कसलीही नेमणूक नसलेला गावातला तरुण पाचशे रुपयांसाठी चढतो. त्याला सुरक्षा साधन नाही, परमिट नाही, विमा नाही. उपकेंद्रातून लाईन बंद केल्याची खात्री नाही. तो पडला तर त्याच्या घराला कुणी वाली नाही. त्याला चढायला सांगणारे आपणच असतो. सांगू नका, आणि दुसरा सांगत असेल तर अडवा.

३. कपडे वाळत घालायला लोखंडी तार. पत्र्याच्या घरावरून आलेल्या सर्व्हिस वायरचं वेष्टण घासलं की करंट पत्र्यात आणि तारेत उतरतो. आजच तार काढा, नायलॉनची दोरी बांधा.

४. तुटून पडलेल्या तारेजवळ जाणं. लाईट गेलेली असली तरी तार जिवंत असू शकते. किमान दहा मीटर दूर राहा, जनावरं हाकला, रस्ता अडवा, १९१२ ला फोन करा. तारेजवळ सापडलाच तर पाय न उचलता, जवळजवळ ठेवून सरकत बाहेर या.

५. आकडा टाकणं. लाईनवर उघडा आकडा टाकणारा स्वतः मरतो किंवा दुसऱ्याला मारतो. शिवाय ती वीजचोरी आहे.

६. पुराच्या पाण्यात मेन स्विचला हात लावणं. पाणी घरात शिरण्याआधी मेन बंद करा. शिरलं असेल तर बोर्डाजवळ जाऊ नका. लाईन बाहेरून बंद करायला कळवा.

घरात एक उपकरण मात्र बसवाच: ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. वीज गळू लागली की तो क्षणार्धात लाईन तोडतो. एमसीबी वायरिंगला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. बसवल्यानंतर महिन्यातून एकदा त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का ते पाहा.

विजेचा धक्का बसला तर

- माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.
- मेन सापडत नसेल आणि घरगुती लाईन असेल, तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने वायर बाजूला करा. खांबावरच्या मोठ्या लाईनचा धक्का असेल तर लाईन बंद होईपर्यंत जवळही जाऊ नका.
- १०८ ला फोन करा.
- श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत.
- बरा वाटला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके काही तासांनी बिघडू शकतात.
- मातीत पुरणं, अंगावर पाणी ओतणं, कांदा हुंगवणं यांत वेळ घालवू नका.

अपघात झाला तर महावितरणला आणि विद्युत निरीक्षक कार्यालयाला कळवा. पोलिसांकडून पंचनामा करून घ्या, फोटो काढा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. नुकसानभरपाईचा दावा या कागदांवरच उभा राहतो.

लाईट परत आल्यावर

लगेच सगळं चालू करू नका. लाईट जाताच फ्रीज, टीव्ही, एसी, मोटार बंद करून एकच दिवा चालू ठेवायची सवय लावा. तो दिवा पाच मिनिटं स्थिर जळला की एकेक उपकरण सुरू करा. वीज परत येताना दाब खालीवर होतो आणि त्यातच फ्रीजचा कॉम्प्रेसर जळतो. दाब नेहमीच कमी-जास्त होत असेल तर तीही तक्रार आहे. ती नोंदवा.

तुमचे हक्क

- भरपाईचा हक्क. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार पुरवठ्याचे निकष ठरलेले आहेत आणि ते पाळले नाहीत तर ग्राहकाला ठरलेली भरपाई मिळते. राज्य वीज नियामक आयोगाच्या निकषांप्रमाणे जळालेलं रोहित्र बदलण्यासाठी शहरी भागात २४ तास, तर ग्रामीण भागात ४८ तासांची मुदत आहे. वादळ, पूर अशा आपत्तींत मात्र हे निकष लागू होत नाहीत.
- वर्गणी देऊ नका. महावितरणचं जळालेलं रोहित्र काढणं, वाहून नेणं, दुरुस्त करणं आणि पुन्हा बसवणं ही तिचीच जबाबदारी आहे. ट्रॅक्टरचं भाडं, ऑइलचे पैसे कुणी मागितले तर लेखी मागणी आणि पावती मागा.
- नोटिशीचा हक्क. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर ‘निषेध नोंदवून’ रक्कम भरा आणि तसं लिहून पोच घ्या. जोडणी वाचते आणि वादही जिवंत राहतो.
- दाद मागण्याच्या पायऱ्या. आधी शाखा आणि उपविभाग कार्यालय. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. आपला जिल्हा महावितरणच्या नाशिक परिमंडलात येतो, त्यामुळे मंचही नाशिकचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाचा निकाल मान्य नसेल तर विद्युत लोकपालांकडे जाता येतं. वकील लावण्याची सक्ती नाही.

प्रत्येक पायरीवर अर्जाची पोच घ्या. तक्रार क्रमांक, अंधारात गेलेले तास, जळालेल्या उपकरणाचं बिल आणि फोटो एका फाइलमध्ये लावा. दहा घरांनी वेगवेगळ्या दहा तक्रारी नोंदवल्या तर त्या एका निवेदनापेक्षा जास्त मोजल्या जातात, कारण प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

या आठवड्यात ही कामं करा

- मेन स्विच कुठे आहे आणि कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून शाळकरी नातवापर्यंत, हाताने करून दाखवा.
- १९१२, १०८, शाखा कार्यालयाचा नंबर आणि ग्राहक क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मीटरजवळ चिकटवा.
- आरसीसीबी आहे का ते पाहा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.
- लोखंडी तार काढून दोरी बांधा.
- टॉर्च, पॉवर बँक चार्ज करा. बॅटरीचं पाणी पाहा.
- लाईनला टेकलेल्या फांद्या दिसल्या तर स्वतः न तोडता महावितरणला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.
- पुढच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत एक ठराव करा: आमच्या गावात, आमच्या आळीत कुणीही खासगी माणूस खांबावर किंवा डीपीवर चढणार नाही आणि कुणी कुणाला चढवणार नाही.

यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात ती मोबाइलच्या किमतीपेक्षा स्वस्त आहेत. शेवटच्या ठरावाला तर फक्त सगळ्यांचं एकमत लागतं. तेवढं झालं तर लाईट यायला चार तास उशीर होईल, पण गावातला एक तरुण संध्याकाळी घरी जेवायला बसेल.